रंध्याला पाणी नव्हतं तेव्हा

प्रवासाची यादी मी आदल्या दिवशी करते. नोकरी लागली तेव्हापासूनची सवय. बाहत्तर सालच्या फेब्रुवारीत आईला प्रवरेवरचा रंध्याचा धबधबा दाखवायला नेलं, तेव्हाची यादी अजून पाठ आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांब्या, सतरंजी, आईच्या गुडघ्याचं तेल, एसटीच्या वेळा.

आई पाथर्डीकडच्या खेड्यातली. वीसेक हिवाळे तिने प्रवरेच्या काठी ऊस तोडला. फडाच्या कडेने पाट वाहायचा. गावी हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावं लागे, आणि इथे पाणी रात्रंदिवस नुसतं चाललेलं. हे येतं कुठनं, असं तिने एकदा मुकादमाला विचारलं. "वर डोंगरात कड्यावरनं पडतंय," तो म्हणाला. तेव्हापासून ते पडताना बघायचं तिच्या मनात होतं. गुडघ्यापायी तोडणी सुटली आणि त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच भिंगारला माझ्या खोलीवर राहायला आली. मी तिथे प्राथमिक शाळेत शिकवत होते. "तेवढं पानी दाव मला," ती म्हणाली. दुसरं काही तिने माझ्याकडे कधी मागितलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा उरकून आम्ही निघालो. राहुरीच्या पुढे आई खिडकीतून म्हणाली, "पाट कोरडा हाय गं."

"असू दे. आपल्याला पाट नाही बघायचा," मी म्हणाले. संगमनेरला पुढची गाडी किती वाजता, ते मी वहीत बघत होते.

रात्री राजूरला माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या माहेरी उतरलो. सकाळच्या गाडीने रंध्याच्या फाट्यावर. तिथून थोडं चालायचं होतं. चालता चालता आई थांबली.

"आवाज न्हाई," ती म्हणाली.

खरंच नव्हता. पुढे गेलो तर काळाभोर खडक, मग एकदम तुटलेला कडा, आणि खोल खाली घळीत हिरवं, हलत नसलेलं पाणी. कड्यावर पाण्याची जुनी ओघळ तेवढी दिसत होती. देवीच्या देवळापाशी एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांना विचारलं.

"बंद केलंय बाई. खालच्यांचं भिजवून झालं की वरच्या धरणाचं दार लावत्यात. पंधरा दिस झालं. उद्या सकाळी परत सोडनार म्हनत्यात."

म्हणजे पाट कोरडा तर धबधबा कोरडा. आईने ते गाडीतच सांगितलं होतं.

"मग उद्यापत्तर ऱ्हाऊ," आई लगेच म्हणाली. "देवळात पडू. दशम्या हायती की."

"उद्या शाळा आहे."

"ओ मास्तरीणबाई, शाळा काय पळून जाती व्हय?"

"अडीचची गाडी चुकली तर पुढच्या सगळ्या चुकतात, आई."

हे मी वर्गातल्या आवाजात बोलले. रजा शिल्लक होती. पण ती सोमवारी घ्यायची हे यादीत नव्हतं. सोमवारसाठी मी काही ठरवलंच नव्हतं.

चपला काठावर काढून आई नदीच्या पात्रात उतरली. खडकात पाण्याने कोरलेला एक गोल खळगा होता. त्यात तिने कोपरापर्यंत हात घातला. तळाशी पाणी उरलेलं होतं.

"ये की, रांजण हाय हितं! गार हाय बघ."

तिने तोंड धुतलं, तांब्या भरून घेतला, आणि खळग्याच्या काठावर पाय आत सोडून बसली. दशमी खाताना तिची नजर कड्याकडेच होती.

"म्हंजे हितनं जातं," ती म्हणाली. "आन् मग माझ्या फडात."

माझ्या म्हणाली. त्या फडातलं एक कांडंही तिचं नव्हतं.

सव्वादोनला मी तिला उठवलं. "पुढच्या वर्षी येऊ, आधी चौकशी करून," मी म्हणाले. पुढच्या वर्षी दुष्काळ होता. त्याच्या पुढच्या वर्षी आई नव्हती.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी तिकडे गेले नाही. यंदा, निवृत्तीला वर्ष उरलं असताना गेले, एकटी, पाटबंधारे खात्यातल्या माणसाला आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी सोडायची, तारीख विचारून. फाट्यावर उतरताच आवाज ऐकू आला. पाणी मुकादमाने सांगितलं होतं तसंच पडत होतं, कड्यावरून, सगळं एकदम. बरीच लांब उभी राहूनही माझा चष्मा ओला झाला. मी जरा वेळ पाहिलं. मग पात्रात तो खळगा शोधायला लागले. काठाने दोन फेऱ्या मारल्या. तो पाण्याखाली होता, आणि आई बसली होती ती जागाही.

परत येताना त्या माणसाला पुन्हा गाठलं आणि पाणी बंद कधी होणार ते विचारलं.

तो हसला. "बाई, लोक सुटायची तारीख विचारतात."

"मला बंदची हवी आहे," मी म्हणाले. त्याने सांगितली. मी वहीत लिहून घेतली आणि त्याखाली लिहिलं: दशम्या, तांब्या, दोन दिवसांची रजा.