डाव्या कानाची रेघ

ऑफिसात तिला सगळे सोवळेबाई म्हणायचे. ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहायची, त्या भाषेत एकदा ठरलेली किंमत पुन्हा बदलत नाही, आणि कोणती गोष्ट कुठल्या प्रकारची हे आधीच नक्की असावं लागतं. जरा इकडचं तिकडे झालं की प्रोग्राम तपासून घेणारा कंपायलर दारातूनच हाकलून देतो. बाकीचे वैतागायचे, हिला मात्र माहेरी आल्यासारखं वाटायचं. "चूक असेल तर प्रोग्राम चालणारच नाही," हे तिचं पालुपद.

कान तपासायच्या मशीनचा प्रोग्राम तिचाच. दवाखान्यात त्याची चाचणी सुरू होती, म्हणून त्या दिवशी ती सासूबाईंनाच घेऊन गेली. सासूबाई कानांवर हेडफोन लावून काचेच्या खोलीत बसल्या. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम.

"कमी ऐकू येतं का त्यांना?" तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

"छे हो! नको असेल ते ऐकू येत नाही, एवढंच," ती हसत म्हणाली.

डाव्या कानाची तपासणी झाली. पडद्यावर रेघ उमटली आणि तिचं हसू मावळलं. रेघ दरीत कोसळल्यासारखी खाली गेली होती. सासूबाईंचा डावा कान जवळजवळ गेलेलाच होता.

ती त्या रेघेकडे बघतच राहिली. म्हणून तर पुढचं तिला दिसलं. उजव्या कानाची तपासणी सुरू झाली, सासूबाई पटापट बटण दाबू लागल्या, आणि डाव्या कानाची रेघ हलली. एकेक ठिपका वर सरकू लागला. बघता बघता डावा कान उजव्याइतकाच ठणठणीत झाला.

जे बदलूच शकत नाही, ते डोळ्यांदेखत बदललं होतं!

"थांबवा!" ती ओरडली.

तिने तिथेच लॅपटॉप उघडला. तपासणी चालू असताना आकडे सारखे बदलतात, म्हणून तिच्या कडक भाषेतही एक सवलत होती. आकड्यांची रांग, म्हणजे ॲरे, बंद दाराआड हवी तेवढी खोडाखोड करून भरा. बाहेर नेताना मात्र थिजवून, म्हणजे पुन्हा बदलता येणार नाही अशी करून, न्या. थिजवायचे मार्ग दोन. एकात रांगेची वेगळी प्रत निघते. दुसऱ्यात प्रत न काढता तीच रांग बाहेर जाते, आणि तिला पुन्हा हात लावणार नाही असा शब्द लिहिणाऱ्याने द्यायचा. तो शब्द कंपायलर तपासत नाही, नुसता विश्वास ठेवतो.

मशीन अडखळतंय अशी तक्रार आली होती, म्हणून आदल्याच संध्याकाळी कुणीतरी वेळ वाचवायला दुसरा मार्ग धरला होता, आणि उजव्या कानासाठी तीच रांग पुन्हा वापरली होती. ते कुणीतरी म्हणजे ती स्वतःच.

"सकाळी एक सुतारकाका येऊन गेले," तपासणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या. "दोन्ही कान छान आहेत असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं."

सुतारकाकांना फोन गेला. ते येईपर्यंत तिने प्रत काढायचा मार्ग परत घातला. फेरतपासणीत त्यांचा डावा कान अर्धा गेलेला निघाला. "तरीच म्हटलं, मशीन सांगतंय छान आणि बायको सांगते बहिरा!" ते म्हणाले.

मग सासूबाई पुन्हा आत बसल्या. या वेळी डाव्या कानाची रेघ खाली गेली ती खालीच राहिली.

त्या बाहेर आल्यावर तिने विचारलं, "आई, कधीपासून ऐकू येत नाही या कानाने?"

"झाली की बरीच वर्षं. तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"जेवताना तू बसतेस डावीकडे," सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "शब्द कळायचे नाहीत, पण वाकडं तोंड दिसायचं. वाटलं, नाही ऐकलं तेच बरं."

तिने सासूबाईंना बाकावर बसवलं आणि स्वतः त्यांच्या उजवीकडे बसली.