लाल दोरा आणि एकच टेप

दवाखान्याच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या लांबट खोलीत, दोरामावशी एकतीस वर्षं बसत आली होती. खोलीचं नाव रेकॉर्ड रूम. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर फायली, आणि दाराशेजारी एक एवढीशी खिडकी. त्या खिडकीतून माणसाचा नुसता हात आत यायचा. पण मावशी हातावरून माणूस ओळखायची.

"गुडघा ना हो तुमचा? मागच्या खेपेला डावा होता."

हाताचा मालक बाहेर गारच व्हायचा.

शाळा म्हणाल तर सहावीपर्यंत. पण कुठली फाईल कुठल्या फळीवर आहे आणि कुठली कुणी नेऊन गिळून बसलंय, हे तिला तोंडपाठ. आता सगळ्या जगाला काही एवढं डोकं नसतं, म्हणून तिने दोरे काढले. फायलीच्या कोपऱ्याला भोक पाडायचं आणि दोरा बांधायचा. निळा म्हणजे साखरेचा आजार. हिरवा म्हणजे दमा. पांढरा म्हणजे याच नावाचा दुसराही एक माणूस आहे, डोळे उघडून बघा. आणि लाल म्हणजे याला एक औषध सोसत नाही, चुकूनही देऊ नका. दोरामावशी हे नाव पडलं ते यावरूनच.

दोरे यायचे ताईकडून. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण, जन्मभर शिवणकाम केलेली. दोघी एकाच घरात राहायच्या, आणि दिवे कुणी मालवायचे यावरून रोज एकदा तरी भांडायच्या. ताईला एकदा दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन दिलं होतं, तर ओठ सुजून पावासारखे झाले आणि श्वास अडकला. त्या दिवशी मावशीने पहिला लाल दोरा बांधला, तो ताईच्या फायलीला. ताईच्याच रिळातला.

पुढे दवाखान्यात कॉम्प्युटर आले. त्यांच्याबरोबर एक बाई आली, चष्मा डोक्यावर आणि वही काखेत. ती तीन महिने मावशीच्या मागे लागली होती.

"मावशी, या दोऱ्यांचा अर्थ मला सांगा ना. सगळ्या विभागांना एकसारखं लिहायला लावायचंय."

"सांगेन की. सवडीने."

"सवड कधी असते तुम्हाला?"

"निवृत्त झाल्यावर भरपूर."

मावशी वाईट नव्हती हो. पण एकदा सांगितलं की आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती तिच्या मनात होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडायची कशाला?

मग एका सकाळी ताई न्हाणीघरात पाय घसरून पडली. शेजारीण तिला रिक्षात घालून रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत घेऊन आली. हाडांचा विभाग तिकडे होता. तिथून मावशीला फोन आला, मनगट मोडलंय, फाईल पाठवा. मावशीला तशीच धावत जायचं होतं, पण खिडकीपुढे वीस माणसं उभी. तिने उठून सरळ फळीवर हात घातला, फाईल काढली, लाल दोरा चाचपून बघितला. गाठ पक्की होती. शिपायाच्या हातात देऊन म्हणाली, "जा पळत. लाल दोरा आहे, आता चिंता नाही."

आणि पुन्हा खिडकीशी बसली.

अर्ध्या तासाने दुसरा फोन आला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि ताईचा श्वास अडकलाय. या वेळी मावशी चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेली. ती इमारत उभी राहिल्यापासून आत तिचं हे पहिलंच पाऊल.

ताई खाटेवर होती. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, ओठ तसेच सुजलेले, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, उतारा वेळेत दिलाय, छाती मोकळी होतेय, जिवाला धोका नाही. मावशीने ते ऐकलं, ताईचा पाय धरून उभी राहिली, आणि मग मोठ्या सिस्टरकडे वळली.

"लाल दोरा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला ना!" सिस्टर बिचारी रडवेली झाली होती. "म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो."

"निर्धास्त?"

"तुमच्या फायलींना दोरे असतात ते आम्हाला फार आवडलं होतं, मावशी. म्हणून आम्हीही बांधायला लागलो, दोन वर्षं झाली. आमच्याकडे लाल म्हणजे सगळं तपासून झालंय, पुढचे उपचार सुरू करा."

मावशीने उशाशी पडलेली फाईल ओढून घेतली.

"आत लिहिलं होतं ना?"

"चौथ्या पानाच्या मागे. ते नंतर सापडलं. आणि ताईंना विचारलं होतं हो आम्ही, कुठलं औषध चालत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, माझ्या बहिणीने सगळं लिहून ठेवलंय, फाईल बघा."

हे मात्र मावशीला लागलं. भांडायला आलेली बाई, खाटेच्या कडेला मटकन बसली.

दुपारपर्यंत ताईची सूज उतरली. मुखवटा काढल्यावर पहिलं वाक्य, "घरातला दिवा मालवला का गं?"

"मरो तो दिवा. ताई, माझ्या दोऱ्याने तुला मारलं असतं."

"दोरा माझा होता," ताई म्हणाली. "दोष वाटून घेऊ." मग जरा दम खाऊन म्हणाली, "तुला ती मास्तरीणबाई आठवते? जिचा कोट बगलेत उसवला?"

"तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

"माप घेतलं होतं जुन्या टेपने. ती ताणून लांबली होती. कापड बेतलं नव्या टेपने. शिलाई बघशील तर एक टाका वाकडा नाही. पण कोट अंगात चढवताच बगलेत उसवला. घरात दोन टेपा असल्या की हुशारी पाण्यात. ती जुनी टेप मी त्याच दिवशी चुलीत घातली."

ताईने न मोडलेल्या हाताने तिला ढोसलं.

"त्या चष्मेवालीला सांग जा. मूठ उघड. तुला कोण टाकतंय? तू काय ताणलेली टेप आहेस?"

दुसऱ्या दिवशी मावशी आपण होऊन चष्मेवालीच्या टेबलाशी गेली. सगळ्या विभागांची बैठक बसली. काय सांगावं तो गोंधळ! व्यक्ती तितक्या प्रकृती. लहान मुलांचे डॉक्टर अशा औषधासाठी लावायची आपली पिवळी चिठ्ठी सोडायला तयार नाहीत. बाळंतिणींच्या वॉर्डात सोसत नसलेल्या औषधापुढे फुली, तर औषधांच्या खिडकीवर फुली म्हणजे औषध देऊन झालं. एकच गोळी पाच जण पाच कंपन्यांच्या नावाने लिहीत होते. ज्याला त्याला वाटे, आपलंच बरोबर, बाकीच्यांनी शिकावं.

मावशीने पिशवीतून ताईची शिवणाची टेप काढली आणि टेबलावर लांब पसरली.

"सगळ्यांत जुनी मी," ती म्हणाली. "पहिला दोरा मी तोडते. आता बोला, कोण काय सोडतंय?"

मग लहान मुलांच्या डॉक्टरांनी पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा खिशातून काढून टेपेशेजारी ठेवला.

चार महिने लागले. मावशी एकेक फाईल उघडून अर्थ सांगायची, चष्मेवाली टाइप करायची. औषधाचं एकच नाव, लिहायची एकच जागा, कुठल्याही इमारतीत उघडा, वर लाल पट्टी. आणि 'कुठलं औषध चालत नाही' हे माणसाला विचारून भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचंच नाही. पहिली नोंद ताईची.

मधल्या काळात ताईचं प्लास्टर काढायचा दिवस आला. मोठ्या सिस्टरने कॉम्प्युटर उघडला आणि विचारलं, "ताई, कुठलं औषध चालत नाही?"

"बहिणीने लिहून ठेवलंय," ताई सवयीने म्हणाली.

"ठेवलंय खरं," सिस्टर म्हणाली आणि पडदा तिच्याकडे वळवला. वर लाल पट्टी. ताईने ती बघितली, मग दाराकडे. दारात मावशी उभी. खिडकीवर 'दहा मिनिटांत येते' अशी पाटी लावून आलेली.

"पडद्यावर आहे ना सगळं? मग तू कशाला आलीस?"

"बघायला."

"काय बघायला?"

मावशी पुढे झाली, पट्टीवरची अक्षरं बोट ठेवून एकेक वाचली, आणि ताईच्या बारीक झालेल्या मनगटाखाली आपला हात दिला.

"म्हटलं, दुसरी टेप खरंच चुलीत गेली का," ती म्हणाली. "चल आता, जिना आहे. माझ्याकडे बघत उतर."