मी बियाणं धुतलं

मंडळी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय.

आमची संस्था कोरडवाहू गावांतल्या बायकांना बियाण्यांची बँक उभारायला मदत करते. अशाच एका गावच्या गौरम्माअक्का आज शहरात, हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात आल्या. पाहुण्यांना दाखवायला त्यांनी मडक्यातून तुरीचं बियाणं आणलं होतं. ते माझ्या हवाली करून त्या येलहंक्याला लेकीकडे गेल्या.

दाणे राखेनं माखलेले होते. दिल्लीचे पाहुणे येणार म्हणून मी ते दोन पाण्यांनी धुतले आणि गच्चीवर वाळत घातले. "वा, किती स्वच्छ!" पाहुणे म्हणाले. मी खूश.

दुपारी अक्का परतल्या आणि ओरडल्याच. "अय्यो! राख कुठं गेली?"

"धुतली, अक्का."

"शिकलेल्या पोरीनं बियाण्याला न्हाऊ घातलं! आता पावडरही लाव!"

सगळे हसले. अक्का नाही हसल्या. "पेरणीला महिना आहे. भिजलेली तूर तोवर टिकत नाही. कमी पावसात येणारं हे वाण आमच्याकडं एवढंच उरलं होतं."

मग गच्चीवर बसून त्यांनी न फुगलेले दाणे वेचले. जेमतेम ओंजळभर निघाले.

मला धक्का बसलाय तो वेगळाच. माणदेशात माझी आई दर वर्षी कीड लागू नये म्हणून बियाण्याला राख चोळते. लहानपणी ती राख चुलीतून काढून मीच द्यायचे. घरातली पहिली पदवीधर मी. राख म्हणजे घाण, हे मी नेमकं कुठं शिकले? तुम्हाला सांगता येईल?