सगळी हायत नव्हं?

फोन वाजला की आप्पा फोनकडे बघायचे नाहीत, आमच्याकडे बघायचे. स्वयंपाकघरात सासूबाई, मोरीपाशी मी, उंबऱ्यात खेळणारी माझी लेक, दुकानात हे. सगळ्यांवरून नजर फिरवून विचारायचे, "सगळी हायत नव्हं?" कुणीतरी "व्हय" म्हटल्याशिवाय ते फोन उचलत नसत, मग पलीकडचा माणूस कितीही घायकुतीला आलेला असो.

आमच्याकडे येणारा फोन बहुतेक एकाच कामाचा असायचा. आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सोलापुरात मर्तिकाच्या सामानाचं दुकान. पुढे तिरडीचे कळक, बांधायचं सुंभ, मडकी, पांढरं कापड, दारात शववाहिनी आणि मागे आमचं बिऱ्हाड. मध्यस्थाने माझ्या वडिलांना करमाळ्यात सांगितलं होतं, "बांबूचा व्यापार आहे." वडिलांनी इथे येऊन मडक्यांची उतरंड बघितली आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. आप्पा म्हणाले, "पाव्हणं, धंदा असला हाय, पर मानसं घरात लई हसत्यात. एकडाव जेवून तर बघा." वडील जेवले आणि विरघळले. मी मात्र अंगाला हळद लागेपर्यंत धुसफुसत होते.

घरात माणसं हसत होती हे खरं. बाहेरून आले की आप्पा मागच्या नळावर डोक्यावरून अंघोळ करायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. पण एकदा आत आले की नातीचा घोडा व्हायचे, भाकरीला नावं ठेवायचे, सासूबाईंची बोलणी आनंदाने खायचे. सासूबाईंना ते रोज गजरा आणायचे. दुकानाला हार पुरवणारा माळी दारातच यायचा, त्याच्याकडून मात्र एक कळीही घेत नसत. गजऱ्यासाठी उन्हातून पार चौकापर्यंत चालत जायचे. "त्येची फुलं त्या कामाची," म्हणायचे. "हिची येगळी."

कामावर त्यांना जास्त बोलणं ठाऊकच नव्हतं. हळू हा एकच शब्द, पण तो चार भाषांत. मराठी घरात हळू, तेलुगू घरात मेल्लगा, कन्नड घरात मेल्लगे आणि शेजारच्या गल्लीत आहिस्ता. खांदा देणाऱ्यांच्या पुढे चालत एवढंच सांगत राहायचे. मी त्यांना चिडवायची, "आप्पा, गेलेल्या माणसाला काय लागतंय?" ते म्हणायचे, "त्येला न्हाय गं. मागनं त्येची आय बघत असती."

त्यांचा एक हट्ट होता. तिरडी आधी बांधून ठेवायची नाही. निरोप आल्यावरच कळक उचलायचे आणि त्या माणसाच्या दारात जाऊन बांधायचे. घरचे लोक येऊन सांगायचे, डॉक्टरांनी आशा सोडलीय, तयारी करून ठेवा. आप्पा त्यांना पाणी देऊन परत पाठवायचे. "बांधून ठिवली की ती मानूस हुडकाय लागती," म्हणायचे. मला हे खुळचटच वाटायचं. आमच्या ह्यांना तर डोकेदुखी वाटायची.

एका उन्हाळ्यात कामं फार आली. लोक उन्हात ताटकळत उभे राहायचे. ह्यांनी सकाळीच दुकानात एक तिरडी बांधून भिंतीला टेकवून ठेवली. आप्पा गजरा घेऊन आले आणि ती बघून दारातच थांबले.

"ही कुणाची?"

"कुणाची न्हाय. तयार आसूंदे म्हनलं. लोकांचे हाल हुत्यात, आप्पा."

"सोड ती."

"न्हाय सोडत. तुमच्या खुळापायी मी रोज बोलणी खातोय."

एवढं बोलून ह्यांनी मोटारसायकल काढली आणि कळकाचा सौदा करायला दुधनीला निघून गेले. आमच्या घरातून कुणीही "येतो" म्हटल्याशिवाय बाहेर पडत नसे. त्या दिवशी हे न बोलता गेले. सासूबाईंनी दाराकडे बघितलं आणि गजरा तसाच देवापुढे ठेवला.

दुपारी जेवायला बसायच्या वेळी फोन वाजला. आप्पांनी आमच्यावरून नजर फिरवली. "सगळी हायत नव्हं?" त्यांनी सवयीने विचारलं. कुणाच्याच तोंडून व्हय निघेना. पहिल्यांदाच आप्पांनी फोन तसाच उचलला.

दवाखान्याच्या गेटवरचा माणूस होता. "आप्पा, अक्कलकोट रोडला अपघात झालाय. मोटारसायकलवालं जवान पोरगं हाय, दुधनीकडनं येत हुतं म्हनं. गेलं. गाडी लागंल."

"नाव?"

"ते न्हाय ठावं मला."

मी ह्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी चप्पल घालून शववाहिनीपाशी जाऊन उभी राहिले, तर आप्पा येईनात. आत बघते तर ते दुकानात खाली बसून तिरडीच्या गाठी सोडत होते. ह्यांनी गाठी करकचून आवळल्या होत्या. आप्पांची नखं दुमडत होती. मी ओरडले, "आप्पा, चला की! कापा ते सुंभ!"

"कापायचं न्हाय," ते वर न बघता म्हणाले. "सोडायचं. जरा दम धर, पोरी."

आयुष्यात मला कुणाचा एवढा राग आला नसेल. शेवटची गाठ सुटली, तेव्हा त्यांनी कळक एकेक करून भिंतीला उभे केले आणि मगच गाडीत बसले.

दवाखान्यात ते एकटेच आत गेले. मी व्हरांड्यात खांब धरून उभी होते. बाहेर आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. आपला नव्हे. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. पलीकडे बाकावर एक माणूस टोपी हातात धरून बसला होता, त्या पोराचा बाप. आप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिले. त्याच्या लेकाला गावी नेऊनच ते परतले.

मी त्याआधीच रिक्षाने घरी आले, तेव्हा हे पोचलेले होते, फोनची बॅटरी संपली होती म्हणे. आप्पांनी आल्यावर अंघोळ केली आणि ह्यांना एवढंच विचारलं, "जेवलास का?" ह्यांनी दुकानात उभे केलेले कळक बघितले होते. त्यांनी मान खाली घातली.

मागाहून आप्पा मला म्हणाले, "त्या बापाच्या म्होरं मला बरं वाटलं गं, पोरी. आपला न्हाय म्हनून. लई वंगाळ वाटतंय आता." त्या रात्री ते जेवले नाहीत.

गेल्या वर्षी आप्पा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. माढ्याहून आलेले पाहुणे ह्यांना म्हणाले, तयारीला लागा, घरचंच तर दुकान आहे. हे त्यांच्यावर खेकसले. आप्पांचा श्वास थांबेपर्यंत ह्यांनी कळकाला हात लावू दिला नाही. मग अंगणात बसून स्वतः एकेक गाठ मारली. लोक उन्हात उभे राहिले, कुणी कुरकुरलं नाही. खांदा देणाऱ्यांच्या पुढे चालत हे सांगत होते, हळू, हळू.

स्मशानातून परत आलो, अंघोळी झाल्या. आणि आप्पांचा तो कामाचा फोन वाजला. हे उठले. फोन हातात घेऊन त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे, लेकीकडे. मग नजर आप्पांच्या रिकाम्या खाटेवर गेली आणि तिथेच राहिली.

"सगळी हायत नव्हं?" ह्यांनी विचारलं.

फोन वाजत राहिला. आमच्यापैकी कुणालाच व्हय म्हणता येईना.