आमच्या गल्लीतली शेवटची टेरी

आज सकाळी चिट्टी मेली.

'देवाघरी गेली' असं लिहिणार होते. पण तिच्या मालकांना, आमच्या शेजारच्या व्यंकटअण्णांना, सजवलेलं बोलणं आवडत नाही.

चिट्टी फॉक्स टेरियर होती. पांढरं अंग, अर्धं तोंड काळं, कान पुढे दुमडलेले. तेलुगूत चिट्टी म्हणजे इवलीशी. गल्लीत या जातीला सगळे नुसतं 'टेरी' म्हणायचे.

ही कुत्री सोलापुरात आली गिरणीच्या साहेबांबरोबर. साहेब गेले, कुत्री कामगारांच्या घरी राहिली.

अण्णांच्या आजोबांना एक जोडी मिळाली. पुढे शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी माग-कारखान्यांत तिचीच पिल्लं.

कारण साधं. सुताचं गोदाम म्हणजे उंदीर आलेच. मांजर पोट भरलं की झोपतं. टेरी उंदीर पकडायची, एक हिसडा द्यायची, दारात आणून ठेवायची आणि आपल्याकडे बघायची. पुढचा कुठंय?

खायची नाही कधीच. तिला फक्त काम हवं असायचं.

हट्टी इतकी की अण्णा म्हणायचे, हिला मुकादम करायला हवं होतं, एक माग बंद पडला नसता.

माग बंद पडतच गेले. गोदामं रिकामी झाली. उरलेल्यांनी उंदरांसाठी गोंदाचे पॅड आणले. नव्या पिढीला लॅब्राडोर हवा होता. आमच्या पुढच्या गल्लीत तर एक हस्की आहे, सोलापूरच्या उन्हात, दिवसभर कूलरसमोर.

टेरी कुणी मागेना. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी लक्ष दिलं नाही, त्यांचं रक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिसळून गेलं.

असं करत करत चिट्टी एकटी उरली.

अण्णांनी तिच्यासाठी नर शोधायचं मनावर घेतलं. मी पेपरात काम करते, म्हणून फोन करायचं काम माझ्याकडे. पुण्याला केले, बेळगावला केले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, जातीच्या नोंदणीचे पेपर्स आहेत का?

पेपर्स कुठून असणार? अण्णांच्या घरात पिल्लू विकत नसत. नारळ घ्यायचे आणि पिल्लू द्यायचे. खरेदी-विक्रीच नाही तर नोंदणी कोण करणार. आणि पेपर्स नसलेल्या मादीला कुणी आपला नर देईना.

मी कंटाळले होते, खरं सांगते. तेवढ्यात अण्णांना नातेपुत्याचे बिरूतात्या आठवले.

तात्यांची मेंढरं, घोंगड्यांचा धंदा. सोलापूरला आले की अण्णांकडे उतरायचे. एकदा जाताना एक पिल्लू घेऊन गेले होते. तो नर अजून होता. धडधाकट.

चिट्टी माजावर आली तसे आम्ही गाडी करून निघालो. अण्णा पुढे. मागे मी आणि अण्णांच्या बायको पद्मावहिनी, मध्ये चिट्टी. माळशिरस गेलं, दोन्हीकडे ऊस, आणि अण्णा पिल्लं कुणाकुणाला द्यायची ते ठरवत होते. इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

तात्यांचा कुत्रा बघून मी थक्क झाले. तेच अर्धं काळं तोंड.

असणारच. तो चिट्टीच्या आईचा सख्खा भाऊ.

तात्यांच्या ते ध्यानात आलं आणि ते हसायला लागले.

"अण्णा, मामा-भाचीचं लगीन लावायला आलाय व्हय? आमच्यात चालत न्हाय बरं का."

"आमच्यात चालतं की," अण्णा वहिनींकडे बोट करत म्हणाले. "हिलाच विचारा. माझ्या अक्काची मुलगी आहे."

सगळे हसले. तात्या म्हणाले, जनावरात कोण नातं बघतंय, सोडा तिला.

वहिनींनी चिट्टीला उचललं. गाडीत जाऊन बसल्या. दार लावून घेतलं.

अण्णा काचेशी जाऊन तेलुगूत समजावत राहिले. बराच वेळ. घरात दोघं तेलुगूतच बोलतात.

वहिनी बोलल्या ते मात्र मराठीत. आम्हालाही कळावं म्हणून असेल.

"माझी दोन गेली. हिची कशाला?"

अण्णा-वहिनींना दोन मुलं झाली होती. दोन्ही वर्षाच्या आत गेली. तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं होतं, तुम्ही दोघं नात्यातले का? नंतर मूल झालं नाही. गल्लीला हे माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

अण्णा काचेपाशी तसेच उभे राहिले.

तात्यांनी चहा सांगितला. "ऱ्हाऊ द्या अण्णा," एवढंच म्हणाले. आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो. येताना चिट्टी वहिनींच्या मांडीवर झोपली होती.

याला आठ-नऊ वर्षं झाली. अण्णांनी तो विषय परत काढला नाही. तात्यांचा नर त्यानंतर दोन पावसाळ्यांत गेला.

वर्षभर चिट्टीला नीट दिसत नव्हतं. तरी रोज अण्णांच्या कारखान्याच्या रिकाम्या गोदामात फेरी मारून यायची. मिळायचं काहीच नाही.

आज कारखान्यामागे खड्डा केला. वहिनींनी तिला स्वतःच्या मागावरच्या टॉवेलात गुंडाळलं. गल्लीतले सात-आठ जण होते. एकजण हळहळून म्हणाला, अण्णा, हिचं एक तरी पिल्लू घ्यायचं होतं. जात संपली की हो.

वहिनी खाली बघत होत्या.

अण्णांनी हातातली माती टाकली.

"मीच नको म्हटलं," ते म्हणाले.



चिट्टी, गल्लीतल्या सगळ्यांकडून तुला मनापासून निरोप. खूप काम केलंस. आता झोप.