कंटाळ्याची नोकरी

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे 'किरकिरे' म्हणतात, आणि ह्यांना त्याचा कोण अभिमान! नोकरीच तशी आहे. ऑनलाइन गेम बनवणाऱ्या कंपनीत दिवसभर गेम खेळायचा आणि कुठे कंटाळा आला, कुठे डोकं फिरलं ते सांगायचं. घरी भाजीपासून पंख्याच्या आवाजापर्यंत सगळ्याला नावं ठेवणाऱ्या माणसाला तिकडे त्याचाच पगार मिळतो म्हटल्यावर मी काय बोलणार, कपाळ!

ह्यांनी किरकिर केली की तिकडे दुरुस्ती व्हायची. नदी ओलांडायची होडी फार रेंगाळते म्हणाले, तर होडी झपाझप जायला लागली. पण गेम विकत घ्यावा लागायचा, आणि घेणारे आटत चालले होते. हे मला स्क्रीनवर दाखवायचे. एवढं मोठं शहर, बाजार, होडीचा धक्का, सगळं जिथल्या तिथे, पण चिटपाखरू नाही. कंपनीला टाळं लागायची वेळ आली.

मग नव्या मॅनेजरबाईंनी गेम फुकट करून टाकला. आणि काय सांगू, झुंबड उडाली नुसती! आमच्या सासूबाईसुद्धा फोनवर खेळायला लागल्या. गुडघ्यांमुळे त्यांचं घराबाहेर पडणं बंद झालंय, पण गेममध्ये मैत्रिणींबरोबर पलीकडच्या तीरावर मासे पकडायला रोज हजर. "वाचलो बुवा," हे म्हणाले. त्या दिवशी पंख्यालाही काही बोलले नाहीत.

पण सुख कुठलं टिकायला! गर्दीमुळे होडी पुन्हा रेंगाळते, जीव जातो, असं ह्यांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर होडी तशीच, आणि वर एक बटण: 'लवकर पोचायचंय? पैसे भरा.' हे तणतणत बाईंकडे गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, सगळं फुकट दिलं तर तुमचे पगार कुठून काढू? तुम्हाला जिथे कंटाळा येतो ना, तिथेच आपलं दुकान चालतं. तुम्ही फक्त जागा दाखवत राहा."

त्यानंतर ह्यांनी जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे बटण उगवलं. "लोकांचा कंटाळा जावा म्हणून मी घसा फोडत होतो गं," हे मला म्हणाले, "आणि बाईंनी तोच विकायला काढला!"

"मग सांगूच नका," मी चिडून म्हटलं. "सगळं झकास आहे म्हणा. बघू कुठे लावतात बटण!"

ह्यांना ते पटलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने कशाचं तरी तोंडभरून कौतुक केलं. "होडी? छानच आहे. बसून नदी बघायला मजा येते."

बाई विचारात पडल्या. "तुमच्यासारख्यालाही कंटाळा येत नाही?" त्या म्हणाल्या. "म्हणजे होडी अजून पुरेशी हळू नाही." आणि तिचा वेग निम्म्यावर आणून ठेवला.

हे घरी येऊन मला एवढं सांगतायत, माझ्या अंगाची नुसती लाहीलाही होतेय, तेवढ्यात सासूबाई आतून फोन घेऊन आल्या.

"अरे, बघ ना, माझी होडी नदीतच अडकलीय. त्या सगळ्या मैत्रिणी पैसे भरून केव्हाच पोचल्या. माझ्यासाठी कोण थांबतंय? मीही भरू का?"

ह्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"भर, आई," म्हणाले.