पिवळी पावलं

ऑइलपेंटचा वास आला की मला तालुक्याच्या कचेरीतली ती पिवळी पावलं आठवतात. शहरातून माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारे, मराठी न कळणारे एक साहेब आले होते आणि मी त्यांचा दुभाष्या होतो. खेड्यातली माणसं पेन्शनच्या अर्जाला येत नाहीत, कारण कचेरीत शिरल्यावर ती बावरतात, असा शोध त्यांनी शहरात बसूनच लावला होता. म्हणून त्यांनी दारापासून अर्जाच्या खिडकीपर्यंत फरशीवर पावलं रंगवून घेतली. माणूस म्हणे आपोआप त्यांवरून चालत जातो. पहिली आली ती कुंभारवाड्याची एक म्हातारी. तिनं दारात चपला काढल्या, वाकून पावलांना नमस्कार केला आणि भिंतीला अंग घासत कडेकडेनं गेली. दारातून आत येणारी पावलं गौरीची, त्यांवर पाय कोण देणार? खिडकी बंद झाली होती. कुंभारवाड्याची एकुलती एक बस पोचेपर्यंत ती रोजच बंद होते, पण ते काही साहेबांच्या अभ्यासात नव्हतं. ते तिच्या नमस्काराचे फोटो काढत होते. म्हातारी माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “गौर आत आली, बरं झालं बाबा. आमास्नी कवा घेणार हाईत?” काय म्हणते ती, साहेबांनी विचारलं. फार आवडलं म्हणते, मी सांगितलं. त्या साहेबांना मी आजही चारचौघांत बावळट म्हणतो, पण त्यांच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर म्हातारीच्या नावानं छापलेलं ते वाक्य माझं आहे.